सेवक निवड, समदृष्टी आणि संगणक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. पन्नास वर्षांत किती वास्तू उभ्या राहिल्या, किती देणग्या जमल्या, किती विद्यार्थी शिकून बाहेर पडले, याचा हिशेब अहवालात येतो. परंतु त्या वास्तूंचे कुलूप रोज सकाळी उघडणारा शिपाई, वसतिगृहातील मुलांना सूर्यास्तापूर्वी जेवू घालणारी स्वयंपाकीण, दवाखान्यातील परिचारिका, पांजरपोळातील गोठेवाला आणि कार्यालयातील लेखनिक ही माणसे कोणत्या रीतीने निवडली गेली, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही. वास्तविक देणगीदाराचा रुपया शेवटी या माणसांच्या हातूनच गरजूपर्यंत पोहोचतो. म्हणून सेवक निवड हा संस्थेच्या पावित्र्याचाच एक भाग मानला पाहिजे. या निवडीत नकळत शिरणारा पूर्वग्रह आणि तो कमी करण्यासाठी उपलब्ध झालेले संगणकीय साधन, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

‘कुठले पाटील?’

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दोन अनोळखी माणसे भेटली की केवळ नाव सांगून भागत नाही. एकाने ‘पाटील’ असे सांगितले की दुसरा लगेच विचारतो, “कुठले पाटील?” पाटील हे मुळात गावच्या वतनाचे नाव. ते मराठा समाजात आहे, जैन समाजात आहे, लिंगायत समाजात आहे आणि इतरत्रही आहे. त्यामुळे प्रश्न वरवर गावाविषयीचा असला तरी उत्तरातून जात, नातेगोते आणि घरची स्थिती यांचा अंदाज घेतला जातो. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. ओळख काढण्याची ती या मातीतील रीतच आहे. लग्नाच्या मांडवात किंवा एसटीच्या प्रवासात ती शोभूनही दिसते.

परंतु हाच प्रश्न मुलाखतीच्या टेबलाशी येऊन बसला की त्याचे स्वरूप पालटते. उमेदवार ओळखीच्या गावचा निघाला की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो, पुढचे प्रश्न सोपे होतात, एखादे उत्तर चुकले तर ‘घाबरला असेल’ असे म्हणून सोडून दिले जाते. अनोळखी उमेदवाराचे तेच उत्तर चुकले तर ‘तयारी नाही’ असा शेरा बसतो. दोघांचे गुण मांडताना कोणीही जाणूनबुजून अन्याय केलेला नसतो. पण अन्याय झालेला असतो. यालाच अजाणता पूर्वग्रह म्हणतात. वशिला आणि लाचलुचपत यांहून हा प्रकार निराळा आहे. वशिला लावणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असते. येथे मात्र निवड करणारा स्वच्छ मनाने घरी जातो.

हे केवळ अनुमान नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी भारतातील खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना उत्तर म्हणून अर्ज धाडून पाहिले. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज गेले. शिक्षण आणि अनुभव समान ठेवला होता. बदलले होते ते केवळ नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश एवढीच निघाली. हे निष्कर्ष २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांतील भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. गुणवत्तेवरील निष्ठा सर्वांनी सांगितली, आणि उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक आहे, असेही सांगितले. या दोन विधानांत विसंगती आहे, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानातही आले नाही.

गाळून घेतलेले पाणी

जे दिसत नाही त्यावर उपाय कसा करावयाचा? जैन घरात जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पाणी गाळून पिण्याची शिकवण लहानपणीच मिळते. तांब्यातील पाणी कितीही नितळ दिसो, त्यातील सूक्ष्म जीव डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच ते दुपदरी कापडातून गाळावयाचे असते. ‘मन शुद्ध आहे, मग गाळण्याची काय आवश्यकता?’ असे कोणी म्हणत नाही. मुनींनी चार हात पुढची जमीन न्याहाळीत पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीही याच विचाराची. हिंसा हेतूने घडते, तशीच प्रमादानेही घडते. प्रमाद टाळण्यासाठी सद्भावना पुरत नाही. नित्याची रीत लागते.

सेवक निवडीतही हेच लागू पडते. ‘आमच्या विश्वस्तांच्या मनात भेदभाव नाही’ हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. संस्थेच्या तिजोरीचे उदाहरण घ्यावे. रोखपाल कितीही प्रामाणिक असला तरी रोख मोजली जाते, पावतीपुस्तक तपासले जाते आणि वर्षाअखेर हिशेब लेखापरीक्षकाकडे जातो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने तसे बंधनच घातले आहे. तपासणी म्हणजे रोखपालावर अविश्वास, असे कोणी मानीत नाही. उलट तपासणीमुळेच प्रामाणिक रोखपालाची अब्रू राखली जाते. पैशाच्या बाबतीत जी शिस्त संस्थांनी आनंदाने पत्करली, ती माणसांच्या निवडीत आणण्यास संकोच का व्हावा?

कर्मवीरांचा धडा

या भूमीत निवडीच्या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाची सूत्रे त्या काळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे जुनाट विचारांचे गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, बहुजन शिक्षणाचे ते पुरस्कर्ते होते आणि पुढे शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. एवढ्या थोर सुधारकाच्या हाती कारभार असतानाही त्या दिवशी रूढ नियम मोठा ठरला आणि विद्यार्थी लहान ठरला. पूर्वग्रह केवळ वाईट माणसांच्या ठिकाणी वसत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. लठ्ठे यांना त्यात गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले, त्यांचा छळ झाला. ज्यांनी वसतिगृहातून घालविले त्यांच्याविरुद्ध सूड उगविण्याची ती आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. माणसाविषयीचा जुना कडवटपणा एका बाजूस आणि समोरचे सत्य दुसऱ्या बाजूस, ही विभागणी त्यांनी प्राण पणाला लावून केली. निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने नेमके हेच करावयाचे असते. उमेदवाराविषयीची आवडनिवड एका कप्प्यात ठेवावयाची आणि त्याने दाखविलेले काम दुसऱ्या.

पुढे भाऊराव किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते झाले. त्या फिरतीत खेड्यापाड्यांतील हुशार पण निराधार मुले त्यांच्या दृष्टीस पडली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की भाऊराव अर्जांची वाट पाहत बसले नाहीत. ज्याला अर्ज करता येतो हेच ठाऊक नाही, त्याच्या दारापर्यंत ते स्वतः गेले. निवडीतील पहिला अन्याय मुलाखतीच्याही आधी, जाहिरात कोणापर्यंत पोहोचते येथेच होतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भाऊरावांचे स्वतःचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नव्हते. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली, ती त्यांच्या कार्यासाठी. आज एखाद्या शिक्षण संस्थेने संगणकाला ‘पदवी नसलेले अर्ज बाजूला काढावेत’ अशी आज्ञा दिली, तर तरुण भाऊरावांचा अर्ज कोणाही माणसाच्या दृष्टीस न पडता नाहीसा होईल. त्यात संगणकाचा काही दोष नसेल. त्याला जे सांगितले तेच त्याने केले असेल.

तंत्रज्ञान काय करू शकते

येथून तंत्रज्ञानाच्या विचाराकडे वळणे योग्य ठरेल. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शिक्षक भरतीसाठी ‘पवित्र’ नावाची संगणकीय प्रणाली आणली. ‘पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून हा शब्द तयार केला आहे. त्यापूर्वी खाजगी संस्था जाहिरात देऊन शिक्षकाची निवड स्वतःच करीत आणि त्या निवडीविषयी समाजात काय बोलले जाई, ते सर्वांना ठाऊक आहे. नव्या पद्धतीत उमेदवार अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी देतो. ही दोनशे गुणांची चाचणी संगणकावर होते. तिच्या गुणांनुसार उमेदवारांची नावे पुढे येतात. खाजगी व्यवस्थापनांना मुलाखतीशिवाय किंवा मुलाखतीसह असे दोन मार्ग ठेवलेले आहेत.

या प्रणालीचा लाभ स्पष्ट आहे. आटपाडी किंवा माण तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलीला कोणाही पदाधिकाऱ्याचा उंबरठा न झिजविता आपले गुण जगासमोर ठेवता येतात. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. मधल्या पाच वर्षांहून अधिक काळात किती तरुणांची उमेद खचली असेल! शिवाय चाचणीतील गुणांवरून बुद्धी कळते, पण पहिलीतील रडणाऱ्या मुलाजवळ शिक्षिका कशी बसेल, ते कळत नाही. यंत्र दार उघडे ठेवू शकते. दारातून आत आलेल्या माणसाची पारख मात्र माणसानेच करावयाची असते.

दुसरा लाभ नावाच्या पडद्याचा. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत वादकाची परीक्षा पडद्याआडून घेण्याची पद्धत १९७० नंतर रूढ होत गेली. वाजविणारा पुरुष आहे की स्त्री, हे परीक्षकांना कळू नये, एवढाच हेतू. पुढे असे ध्यानात आले, की पडदा असला तरी बुटांच्या आवाजावरून स्त्री ओळखू येते. म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचा अंथरण्यात आला. संगणकीय अर्जातही असेच आहे. उमेदवाराचे नाव, छायाचित्र, वय, गाव झाकून केवळ क्रमांक आणि उत्तरे परीक्षकांपुढे ठेवणे आज अगदी सोपे झाले आहे. परंतु आडनाव झाकले आणि ‘अमुक समाजाच्या वसतिगृहात राहून शिक्षण घेतले’ ही ओळ उघडी राहिली, तर बुटांचा आवाज ऐकू येतच राहतो. पडदा लावला तर गालिचाही अंथरला पाहिजे.

तिसरा लाभ गुणांच्या शिस्तीचा. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्यावर १९५५ साली, ऐन विशीत, इस्रायली सैन्यातील भरतीची मुलाखत पद्धत सुधारण्याचे काम आले. तोवर मुलाखत घेणारे थोडा वेळ गप्पा मारून उमेदवाराविषयी एकंदर मत बनवीत आणि ती मते पुढे फारशी उपयोगी ठरत नसत. काहनेमन यांनी सहा गुण निश्चित केले, प्रत्येकासाठी ठराविक प्रश्न ठरविले आणि एका गुणाचे मूल्यांकन लिहून झाल्यावरच दुसऱ्याकडे वळावे, असा दंडक घातला. मुलाखतकार रागावले, आपल्याला यंत्र बनविले जात आहे, असे ते म्हणाले. तेव्हा काहनेमन यांनी शेवटी डोळे मिटून अंतर्मनाचे मतही एका आकड्यात नोंदविण्याची मुभा दिली. नवी पद्धत जुनीपेक्षा सरस ठरलीच, पण सर्व गुण शिस्तीने मांडून झाल्यावर दिलेले ते अंतर्मनाचे मतही उपयुक्त ठरले. वडीलधाऱ्या विश्वस्तांच्या अनुभवाला येथे मानाचे स्थान आहे. मात्र ते मोजमापानंतरचे आहे, मोजमापाऐवजी नव्हे.

गाळण्याचे कापडच फाटके असेल तर

तंत्रज्ञानाचे गुण सांगताना त्याचे दोष झाकणे हा अर्धसत्याचा प्रकार होईल. ‘ॲमेझॉन’ या बलाढ्य कंपनीने २०१४ पासून अर्जांची आपोआप प्रतवारी करणारी प्रणाली विकसित केली. मागील दहा वर्षांत आलेले अर्ज तिला शिकविण्यासाठी दिले. ते बहुतांश पुरुषांचे होते. त्यावरून यंत्राने असा बोध घेतला, की पुरुष उमेदवार अधिक चांगले; आणि ज्या अर्जात महिलांच्या संस्थेचा वा मंडळाचा उल्लेख होता, त्याला ते कमी गुण देऊ लागले. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. २०१८ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावरील हावभावांवरून उमेदवाराला गुण देणाऱ्या पद्धतीही निघाल्या होत्या. त्यांतील ‘हायरव्ह्यू’ या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीने २०२१ साली चेहऱ्याचे असे विश्लेषण बंद केल्याचे जाहीर केले.

तात्पर्य, यंत्र जुन्या वहीवरून शिकते. वहीतील खतावणी चुकीची असेल तर ताळेबंद कितीही सुबक छापला तरी चुकीचाच राहतो; उलट छापील असल्यामुळे त्यावर कोणी शंका घेत नाही. हाच खरा धोका आहे. फाटक्या कापडातून गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यापेक्षा अधिक फसवे असते, कारण पिणारा निश्चिंत असतो. म्हणून अर्जांची आपोआप प्रतवारी करणारे साधन कोणी विकण्यास आले, तर एक साधी परीक्षा घ्यावी. एकच अर्ज दोनदा द्यावा; एकदा एका आडनावाने, एकदा दुसऱ्या. एकदा पुरुषाच्या नावाने, एकदा स्त्रीच्या. गुण बदलले तर ते साधन दारातूनच परत पाठवावे.

‘संस्था समाजाची, मग नोकरी समाजाला का नको?’

या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. पैसा समाजाचा, संस्था समाजाची, मग नोकरीही समाजाच्याच मुलांना का देऊ नये? प्रश्न कळकळीचा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षण संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. काही पदांना धर्माचे ज्ञान व आचरण लागतेच. मंदिरातील उपाध्ये किंवा पाठशाळेतील शिक्षक यांच्या बाबतीत तशी अट उघडपणे जाहिरातीत घालावी; त्यात पूर्वग्रह नाही. परंतु वसतिगृहातील स्वयंपाकिणीचे उदाहरण घ्यावे. तिला कंदमूळ वर्ज्य असते, पाणी गाळावयाचे असते, सूर्यास्तापूर्वी पाने वाढावयाची असतात, हे माहीत असले पाहिजे. हे ज्ञान परीक्षेने पाहता येते आणि महिनाभरात शिकविताही येते. त्यासाठी जन्म पाहण्याचे कारण नाही. दवाखान्यातील परिचारिका, वाहनचालक, लेखनिक यांच्या बाबतीत तर तेवढेही कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ओळखीने होणाऱ्या निवडीत समाजाबाहेरचाच उमेदवार डावलला जातो, असे नाही. समाजाच्या आतही चतुर्थ-पंचम, दिगंबर-श्वेतांबर, शहरी-ग्रामीण, पेढीवाला-शेतकरी असे स्तर आहेत. मिरज किंवा वाळवा तालुक्यातील अल्पभूधारक जैन शेतकऱ्याच्या मुलाची कोणत्याही विश्वस्तांशी ओळख नसते. त्याच्या बाजूने शब्द टाकणारे कोणी नसते. ‘समाजाचा माणूस’ या नावाखाली जागा जाते ती बहुधा ओळखीच्या माणसाकडे. निःपक्षपाती पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ समाजातील या दुबळ्या घरांनाच होणार आहे. समाजातील तरुणांना साहाय्य करावयाचे असेल तर शिष्यवृत्ती द्यावी, प्रशिक्षण वर्ग चालवावेत, स्पर्धेसाठी त्यांना तयार करावे. नोकरी ही मात्र ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या हितासाठी भरली जाते.

किर्लोस्करवाडीचे उदाहरण येथे आठवते. १९१० साली वसलेल्या त्या औद्योगिक वसाहतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्या नावावर समाजाने चोरीचा शिक्का मारला होता, त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या आणि त्या विश्वासाला ती माणसे जागली. सर्वांना एवढे धाडस साधेल असे नाही. परंतु शिक्क्यामागचा माणूस पाहण्याची दृष्टी याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी होती, हे विसरता कामा नये.

लहान संस्थेने काय करावे

दहा-वीस सेवकांच्या संस्थेला महागडी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही. कार्यालयात असलेला संगणक आणि थोडा निर्धार पुरेसा आहे. पुढील गोष्टी कोणत्याही विश्वस्त मंडळाला एका बैठकीत ठरविता येतील.

पहिली, मोजपट्टी आधी ठरवावी. जाहिरात देण्यापूर्वीच त्या पदासाठी कोणते चार-पाच गुण हवेत आणि प्रत्येकाला किती भार द्यावयाचा, हे इतिवृत्तात लिहावे. उमेदवार पाहिल्यावर मोजपट्टी बदलली तर ती मोजपट्टी राहत नाही. कामाला खरोखर आवश्यक नसलेली पदवीची अट घालू नये.

दुसरी, जाहिरात मंदिराच्या फलकापुरती ठेवू नये. ग्रामपंचायत, एसटी स्थानक, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, महिला बचत गट येथपर्यंत ती जावी. अर्ज मराठीत असावा, मोबाईलवर भरता यावा. आणि ज्या घरात एकच मोबाईल आहे व तो मुलीच्या हाती येत नाही, त्या घरासाठी कागदी अर्जही स्वीकारावा.

तिसरी, अर्जाचे दोन भाग करावेत. नाव, पत्ता, छायाचित्र, जन्मतारीख, जात-धर्म, वैवाहिक स्थिती हा पहिला भाग एका लेखनिकाकडेच राहावा. अनुभव आणि कामाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे हा दुसरा भाग केवळ क्रमांकासह समितीकडे जावा. अनावश्यक माहिती मागूच नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी आणि गरज संपल्यावर ठेवू नये, हे त्याचे सूत्र सेवाभावी संस्थांनीही अंगीकारावे.

चौथी, काम करून दाखविण्यास सांगावे. लेखनिकाला रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक यांचा मेळ घालावयास द्यावा. वसतिगृहाच्या रेक्टरला विचारावे, की रात्री दहा वाजता मुलगा आजारी पडला आणि पालकांचा फोन लागत नाही, तर काय कराल? उत्तरपत्रिकेवर क्रमांकच असावा.

पाचवी, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. प्रत्येक सदस्याने गुण स्वतंत्रपणे लिहून बंद करावेत आणि मगच चर्चेला आरंभ करावा. एरवी अध्यक्षांचे मत प्रथम आले की इतरांचे गुण आपोआप तिकडे झुकतात. ज्या सदस्याचे उमेदवाराशी नाते, व्यवहार वा शेजार असेल, त्याने त्या पदापुरते समितीतून दूर व्हावे. शिफारसपत्रे सर्वांची किंवा कोणाचीच नाहीत.

सहावी, वर्षाअखेर मोजणी करावी. किती स्त्रियांनी, किती ग्रामीण उमेदवारांनी अर्ज केले. किती बोलावले गेले. किती निवडले गेले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्रशासनातील पदे कोणाकडे आहेत हे पाहिले, तेव्हाच असमतोल उघड झाला आणि २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा ऐतिहासिक आदेश निघाला. मोजल्याशिवाय दिसत नाही आणि दिसल्याशिवाय सुधारत नाही. निवड न झालेल्या उमेदवारालाही दोन ओळींचे उत्तर पाठवावे. नकार देतानाही माणसाचा मान राखता येतो.

या पद्धतीने चूक होणारच नाही, असे म्हणता येणार नाही. निवड झालेला एखादा सेवक अपुरा ठरेल, एखादा हुशार उमेदवार निसटेल. परंतु चूक कोठे झाली ते कागदावरून शोधता येईल आणि पुढच्या वेळी सुधारता येईल. मनातल्या मनात केलेल्या निवडीला ही सोय नाही.

समारोप

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून संस्था उभ्या केल्या, त्यांच्याजवळ ना संगणक होता ना प्रणाली. त्यांनी माणसे डोळ्यांनी पारखली आणि पुष्कळदा अचूक पारखली. त्यांच्या पारखीचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. परंतु तेव्हाच्या संस्थांत सर्व सेवक एका हाताच्या बोटांवर मोजता येत आणि गाव लहान होते. आज अर्ज दूरच्या तालुक्यांतून येतात, आणि अर्ज करणाऱ्याचा संस्थेच्या नावावर, त्या नावातील ‘जैन’ या शब्दावर विश्वास असतो. येथे तरी न्याय होईल, असे त्याला वाटते. तो विश्वास खरा करणे ही सुवर्णमहोत्सवी वर्षातील सर्वांत मोठी देणगी ठरेल.

उद्या संस्थेच्या दारात एखादा तरुण अर्ज घेऊन उभा राहील. त्याचे नाव पाटील असेल, कांबळे असेल, मुल्ला असेल किंवा शहा असेल. ‘कुठले?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तो सवयीचा आहे. त्या क्षणी थांबून ‘काय येते?’ हा प्रश्न विचारला गेला, तर या विवेचनाचे सार्थक झाले. संगणक या कामी मदत करील, तो गाळण्याचे कापड होईल. ते कापड धुऊन स्वच्छ ठेवणे आणि फाटले तर बदलणे, ही मात्र विश्वस्तांचीच जबाबदारी राहील.